सरांचे गृहस्थ

न वाचलेल्या कादंबरीचा शेवट मी एकदा भर सभेत सांगितला. मी ती वाचलेली नव्हती, आणि ज्यांच्या जिवाला तो शेवट लागला त्यांनीही वाचलेली नव्हती. फरक एवढाच, की मी आळसाने वाचली नव्हती आणि त्यांनी ती जपून ठेवली होती.

परवा नात मोबाईलवर कसलीशी मालिका बघत बसली होती. मागून जाता जाता मी म्हटलं, "हा काही शेवटपर्यंत टिकत नाही बघ, चेहराच सांगतोय." तर केवढ्याने किंचाळली! "आजी! स्पॉयलर देऊ नकोस ना गं!" तेव्हा मला कळलं, की चोवीसाव्या वर्षी मी जे करून बसले त्याला आता नाव मिळालंय. तिला अजून सांगितलेलं नाही, की आजीने आयुष्यात एकच मोठा स्पॉयलर दिला, तो एका विद्वान माणसाला, आणि तोसुद्धा खोटा.

तेव्हा मी पुण्याहून श्रीरामपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला नुकतीच आले होते. कडक खळ घातलेली साडी, खांद्याला शबनम, आणि तोंडावर असा भाव की प्रवरेच्या अलीकडे वाचता येणारी मी पहिलीच. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की गावावर मळीचा वास पसरायचा. गावातली माणसं त्या वासात आरामात जेवायची. मी नाकाला रुमाल लावून, "कसं राहतात हो तुम्ही इथे?" असं भाजीवालीला विचारायचे. ती बिचारी उत्तर न देता एक मिरची जास्त घालायची.

राहायला एक खोली मिळाली होती. घरमालकांनी दुकानाच्या शटरला लावून उरलेला हिरवा रंग दिला. त्यात एक फळी रंगवून मी वर पांढऱ्या अक्षरांत माझं नाव लिहिलं, पदवीसकट, आणि ती दारावर ठोकली. दारावर माझं एकटीचं नाव, ही जन्मातली पहिली वेळ. येता-जाता थांबून मी ती पाटी वाचत असे, जणू आत कोण राहतं ते मला ठाऊक नव्हतं.

तर, सर. सर आमच्या विभागाचे प्रमुख. वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे उंच, मे महिन्यातही गळ्यात मफलर. मफलर त्यांना थंडीसाठी लागत नसे. त्यांच्या लेखकाला घशाचा त्रास होता, म्हणून हे गळा जपायचे.

सरांचा विषय एकच. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक इंग्रज कादंबरीकार, त्याचं आयुष्य आणि त्याच्या कादंबऱ्या. नाव मी लिहीत नाही, कारण सरही वर्गाबाहेर घेत नसत. "नाव घेतलं की लोक त्यांच्या एका कादंबरीचं नाव सांगतात आणि आपण सगळं वाचलंय असं समजतात," असं म्हणायचे. ते त्यांना 'आमचे गृहस्थ' म्हणत. नवीन माणूस चक्रावायचा, कारण आपल्याकडे असं बायका नवऱ्याबद्दल बोलतात. "आमच्या गृहस्थांची काल दाढ फार दुखली," असं सर सकाळी म्हणाले, की समजायचं, काल त्यांनी गृहस्थांची जुनी पत्रं वाचली.

टिपणं काढायला सरांना जाड कार्डं लागत आणि ती त्यांना फुकट मिळत. लग्नपत्रिका कापून. एका बाजूला 'आमचे येथे श्रीकृपेकरून', दुसऱ्या बाजूला गृहस्थांच्या बहिणीचा स्वभाव. बिस्किटांचे पत्र्याचे डबे भरभरून ही कार्डं होती. जुने विद्यार्थी पत्रिका द्यायला आले की सांगायचे, "सर, लग्नाला न्हाई जमलं तरी चालंल, पन पत्रिका जाड छापलीया बघा तुमच्यासाठी." सर बोटांनी चाचपून म्हणायचे, "उत्तम. मुलगी कुठली?" मुलीचं त्यांना काही नव्हतं, मागच्या बाजूला शाई फुटणार नाही ना, एवढंच बघत.

त्यांची अभ्यासाची एक रीत होती. कादंबरीत एखादी गोष्ट आली आणि कथेला तिची गरज नसली, तर ती लेखकाच्या आयुष्यातून निसटून आली आहे असं धरायचं आणि तिच्या मागावर जायचं. गृहस्थांच्या प्रत्येक दुष्ट माणसाचे दात सुंदर असत. का? कारण गृहस्थांचे नव्हते. हे सर इतक्या आनंदाने सांगत, की ऐकणाऱ्याला आपलीच दाढ उपटल्यासारखं हलकं वाटावं.

गृहस्थांच्या कादंबऱ्यांतलं गाव सरांनी कारखान्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर काढून भिंतीला लावलं होतं. रेल्वे आल्यावर फुगलेलं बाजाराचं गाव, एक चर्च, एक पिठाची गिरणी आणि सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. "श्रीरामपूर वेगळं काय आहे हो?" सर म्हणत. पाद्र्याच्या घरातलं राजकारण नीट समजावं म्हणून ते इथल्या पाळकसाहेबांच्या घरी चहाला जायचे. पाळकबाईंनी एकदा चर्चमधल्या हंगामाच्या सणाला फुलं कोणी मांडायची यावरून झालेली रुसवाफुगवी सांगितली, तर सर उठून उभेच राहिले. "अहो, हे तर तिसऱ्या कादंबरीत आहे!" पाळकबाई घाबरल्या. त्यांना वाटलं छापून आलं.

वर्गात तर विचारू नका. गृहस्थांच्या कादंबऱ्या त्या काळी महिन्याला एक हप्ता अशा छापल्या जायच्या. सरांचा हट्ट असा की वाचायच्याही तशाच. एक तारखेला एक हप्ता. पुढचं पान उलटायचं नाही. पुढे काय होईल याची महिनाभर हुरहुर लागल्याशिवाय ती कादंबरी वाचलीच नाही असं त्यांचं मत. त्यामुळे परीक्षा तोंडावर आली तरी नायिका अर्ध्यातच असायची. एकदा एक मुलगा कळवळून उभा राहिला.

"सर, त्या पोरीचं लगीन व्हतंय का न्हाई, तेवढं तरी सांगा. पेपर हाय पुढच्या आठवड्यात."

"अरे, तिलाच अजून माहीत नाही. तुला कसं सांगू?"

"तिला पेपर न्हाई ना, सर!"

सर हसले, पण सांगितलं नाही. मुलांनी नगरहून गाईड आणून आपापल्या परीने तिचं लग्न लावून घेतलं.

गृहस्थांच्या वाढदिवसाला सर आम्हाला शिरा खाऊ घालत. मी एकदा शहाणपणाने विचारलं, "आणि पुण्यतिथीला, सर?" ते गंभीरपणे म्हणाले, "अजून गेलेले नाहीत ते, बाई. एक कादंबरी बाकी आहे."

हे मला थट्टेचं वाटलं. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, खरं काय ते सांगितलं. गृहस्थांची अखेरची कादंबरी सरांनी वाचलेलीच नव्हती. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली, पानं अजून एकमेकांना जोडलेली, कडा न कापलेल्या. कपाटात कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेली. बाकी सगळा प्रबंध लिहून तयार होता, शेवटचं प्रकरण तेवढं नव्हतं, आणि ते या कादंबरीवरचं होतं.

"अगं, ही वाचली की गृहस्थ मेले, असं ह्यांना वाटतं," काकू म्हणाल्या. "मग उरलेल्या आयुष्यात करायचं काय, ही ह्यांची भीती. आणि गृहस्थ मेले नाहीत तर ह्यांचं पुस्तक व्हायचं कधी, ही माझी. मी म्हणते, अहो, मारा एकदाचं त्या माणसाला आणि मोकळे व्हा."

कुणाही शहाण्या मुलीने यातून एवढंच घेतलं असतं, की या पुस्तकाविषयी सरांसमोर बोलायचं नाही. मी काय घेतलं? सरांनी वाचलेली नाही, म्हणजे आपल्याला पकडणारं श्रीरामपुरात कोणी नाही.

वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला आभार मानायचं काम माझ्याकडे आलं. आभार मानणारा मंचावरचा सगळ्यात शेवटचा माणूस, लोक चपला शोधत असतात. पण मला त्या चपला थांबवायच्या होत्या. पाहुणे स्त्रीने स्वतःच्या पायावर उभं राहण्याविषयी बोलले होते. मी माइक ओढला आणि म्हटलं, "ज्याप्रमाणे आमच्या सरांच्या लाडक्या लेखकाच्या अखेरच्या कादंबरीतली नायिका शेवटी पाद्र्यालाही नकार देते आणि रेल्वेच्या इंजिनियरलाही नकार देते, वडिलांची गिरणी स्वतः चालवायला घेते आणि दारावर आपल्या नावाची हिरवी पाटी लावते, त्याप्रमाणे आपणही..." आणि मग मंडपवाल्यांचे आभार मानले.

ती कादंबरी मी कॉलेजात शिकत असताना तीन प्रकरणं वाचून सोडली होती. गिरणीवाल्याची मुलगी, पाद्री, इंजिनियर इतपत माहीत होतं. बाकी सगळं तिथे उभ्या उभ्या सुचलं. टाळ्या पडल्या. मी सरांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. घरातल्या कुणाची तार यावी आणि ती भलत्याच माणसाने मोठ्याने वाचून दाखवावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता. राष्ट्रगीताला ते उभे राहिले, आणि संपल्यावर तडक निघून गेले.

दोन-तीन दिवस माझ्याशी अक्षर बोलले नाहीत. मग एका दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभे.

"हे शक्य नाही, बाई."

"काय, सर?"

"गृहस्थ असं करणार नाहीत. त्यांनी आजवर एकही मुलगी बिनलग्नाची सोडलेली नाही. नवरा मिळत नसेल तर क्षय देतात. तिसरी वाट नाही. माझ्या प्रबंधाचा कणा आहे तो."

इथे खरं बोलायला जागा होती. पण माझी नोकरी कच्ची होती आणि अहंकार पक्का. मी म्हटलं, "या कादंबरीत आहे, सर, तिसरी वाट."

"पाटी हिरवी?"

"हिरवी."

"हिरवी कशाला?"

"मला काय माहीत, सर? मी थोडीच लिहिलीय!"

सरांनी खिशातून कुणाच्या तरी शुभविवाहाचा तुकडा काढला, मागे लिहिलं, 'पाटी. हिरवी. का?' आणि म्हणाले, "तुमचं खरं असेल, तर माझे सगळे डबे पाटाच्या पाण्यात सोडायला हवेत."

त्या संध्याकाळी मी रडत काकूंकडे गेले. त्या अंगणात शेंगा फोडत होत्या. सगळं सांगितलं, सरांना आत्ताच्या आत्ता सांगते म्हटलं.

"बस खाली आणि शेंगा फोड," काकू म्हणाल्या. "एवढी वर्षं मी बोलून दमले, कपाटाला हात लावला नाही ह्यांनी. काल किल्ली शोधत होते. आता थाप मागे घेतलीस तर बघ!"

"पण काकू, खोटं आहे ते."

"असू दे. किल्ली तर खरी आहे ना?"

आणि सरांनी कादंबरी उघडली. मी सुटकेचा श्वास टाकला, तो फार लवकर टाकला. सर ती हप्त्याहप्त्यानेच वाचणार होते! दर एक तारखेला काकूंची आंबे कापायची सुरी घ्यायची, एका हप्त्याची पानं कापायची आणि पुस्तक परत पाल्यात ठेवायचं. मला ताकीद मिळाली, "मधलं काही बोलायचं नाही. शेवट सांगितलात, तेवढे उपकार पुरे." म्हणजे माझी थाप उघडी पडायला दीड वर्ष लागणार होतं, आणि दर महिन्याला मला बातमी मिळणार होती. "अजून गिरणी बापाच्याच ताब्यात आहे, बाई." "पाद्र्याला खोकला झालाय. तुमच्या बाजूने जमेल बहुधा." कधी कधी तर मलाच वाटायला लागलं, की लावेल ती पाटी.

सरांमध्ये मात्र फरक पडत चालला होता. एक तारीख जवळ आली की नवीन कपडे घालून यायचे, दुसऱ्या दिवशी उदास. उरलेली पानं अंगठ्याने चाचपायचे, पेशंटची नाडी बघावी तशी.

याच मधल्या काळात माझं लग्न ठरत होतं. मुलगा पुण्याचा, परदेशी जायचा होता, आणि जाण्याआधी मे महिन्यातच सगळं उरकायचं होतं. (नातीचे आजोबा ते हे नव्हेत, आत्ताच सांगून टाकते. स्पॉयलर म्हणा हवं तर.) मंडळी शिर्डीला निघाली होती, वाटेत मलाही बघून घेऊ म्हणाली. एका फेरीत दोन दर्शनं. माझ्या खोलीत दोन खुर्च्या मावत नव्हत्या, म्हणून कार्यक्रम काकूंकडे. सर कोपऱ्यात मफलर गुंडाळून बसले होते. मुलाची आई माझ्याऐवजी भिंतीवरचा नकाशा बघत म्हणाली, "हे तुमचं गाव का?" सर म्हणाले, "हो."

मग त्यांनी मुलाला विचारलं, "आपण वाचता काय?"

"वेळच मिळत नाही हो," मुलगा म्हणाला. माणूस वाईट नव्हता, नुसता घाईत होता. मला म्हणाला, "नोकरीचं काय, राजीनामा लगेच देता येईल ना? आणि खोली वगैरे सोडायची असेल ती मार्चअखेर सोडा, म्हणजे तयारीला वेळ मिळेल."

आणि मी, स्त्रीने स्वतःच्या पायावर कसं उभं राहावं ते माइकवरून सांगणारी मी, खाली बघून मान हलवली. चांगली दोनदा हलवली, एकदा राजीनाम्यासाठी, एकदा खोलीसाठी. मंडळी गेल्यावर सरांनी फक्त एवढं म्हटलं, "तुम्ही काही बोलला नाहीत." मी म्हटलं, "बोलण्यासारखं काय होतं, सर?"

मार्चअखेर आली तरी मी खोली सोडली नव्हती. परीक्षेचं काम आहे, असं घरी कळवलं. सर त्या दिवसांत म्हणायला लागले होते, "प्रकरणं आखूड होत चाललीत, बाई. दम लागतोय त्यांना. आधी पाऊस पडायचा तर दोन पानं पडायचा, आता एका ओळीत थांबतो." शेवटचा हप्ता जोडअंक होता. एक तारखेला सरांनी रजा घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू माझ्या दारात.

"ह्यांनी उठल्या उठल्या डोक्यावरून गार पाण्याने आंघोळ केली. घाबरून म्हटलं, अहो, कोण गेलं? तर म्हणाले, गृहस्थ गेले." काकू हसत होत्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या. "चहा घेत नाहीत की बोलत नाहीत. नुसते ओट्यावर बसलेत."

आपल्याकडे माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेऊन देतात. दुसरं मला काही सुचलं नाही. मी पीठ कालवलं. पिठल्यात गुठळ्या झाल्या आणि भाकरीचा आकार सरांच्या नकाशासारखा आला, चर्चकडे जरा फुगीर. डबा घेऊन गेले. सर ओट्यावर होते, मांडीवर पुस्तक, सगळी पानं कापलेली. गळ्यात मफलर नव्हता. त्यांचा गळा मी पहिल्यांदाच पाहिला.

"सर," मी म्हटलं, "मी ती कादंबरी तीन प्रकरणांपुढे वाचलेली नव्हती."

"ते दिसलंच," सर म्हणाले. "डबा उघडा."

शेवटचं प्रकरण सरांनी त्याच पावसाळ्यात लिहिलं. पुस्तक छापून आलं, ते माझ्या कपाटात आहे, आणि हे मात्र मी अथपासून इतिपर्यंत वाचलंय, वाटलं तर कुठूनही विचारा. नंतर उरलेल्या आयुष्यात काय करायचं हा प्रश्नही त्यांनी सोडवला. गृहस्थांची पहिली कादंबरी एक तारखेला परत उघडली. पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी त्यांनी भाकरी मोडली, गुठळी चावली, गिळली, आणि बोलायला लागले.

"गिरणी विकली, बाई. पाटी नाही, हिरवा रंग नाही. मग मी विचार केला, कथेला ज्याची गरज नव्हती ते आलं कुठून? काल पुस्तक मिटून फिरायला निघालो, तो तुमच्या दारावरून गेलो."

काकू आत भांडी आवाज न करता ठेवत होत्या, म्हणजे ऐकत होत्या. सरांनी दुसरा घास घेतला आणि म्हणाले,

"गृहस्थांनी तिला दीड पानात पाद्र्याच्या गळ्यात बांधून टाकली. त्यांना घाई होती, ते मरायला टेकले होते. तुम्हाला कसली घाई आहे?"